दोन अंशांचा फरक
(बी. कॉम., भाग दोन)

जमाखर्च शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तेरीज म्हटले की घाम फुटतो. नावेची आणि जमेची बेरीज सारखी आली तर उत्तम. पण दोन रुपयांचा जरी फरक राहिला, तरी सगळी कीर्द आणि खतावणी पुन्हा चाळणे आले. फरक एवढासा आहे, टाकून द्यावा उचंती खात्यात आणि मोकळे व्हावे, असा मोह कोणाला होत नाही? परंतु मुरलेले हिशेबनीस सांगतात की मोठी चूक चटकन सापडते. लहान फरकाच्या मागे मात्र कधी कधी फार मोठी गोष्ट दडलेली असते. सुमारे एकवीसशे वर्षांपूर्वी आकाशाचा हिशेब मांडणाऱ्या एका ग्रीक माणसाला असाच एक लहान फरक आढळला. एका ताऱ्याच्या जागेत दीडशेहून अधिक वर्षांत पडलेला तो फरक होता अवघा दोन अंशांचा. त्याने तो उचंती खात्यात टाकला नाही. त्या माणसाचे नाव हिपार्कस.

हिपार्कसचा जन्म इ. स. पूर्व १९० च्या सुमारास बिथिनिया प्रांतातील निकिया या नगरात झाला. हे नगर आज तुर्कस्तानात असून त्याला इझनिक म्हणतात. पुढे रोमन अमलात या नगराने आपल्या नाण्यांवर त्याची आकृती कोरली. राजांची मुखे नाण्यांवर नेहमीच असतात; आकाश मोजणाऱ्याला तो मान क्वचितच मिळतो.

त्याचे कामाचे आयुष्य मुख्यतः ऱ्होड्स बेटावर गेले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हे नाव अगदीच परके नसावे. वादळात जहाज वाचविण्यासाठी काही माल समुद्रात फेकावा लागला, तर ते नुकसान सर्व मालधन्यांनी मिळून सोसावे, हा सागरी विम्यातील नियम मुळात ऱ्होड्सच्या दर्यावर्दींचा. रोमन कायद्याने तो त्यांच्याच नावाने स्वीकारला. ऱ्होड्सचा तो प्रसिद्ध ब्राँझचा महापुतळा इ. स. पूर्व २२६ च्या भूकंपात कोसळला होता, म्हणजे हिपार्कसने तो पाहिला असेल तर पडलेलाच पाहिला असेल. अशा या व्यापारी बेटावर बसून तो वर्षानुवर्षे आकाशाच्या नोंदी करीत राहिला. टॉलेमीने उल्लेखिलेली त्याची निरीक्षणे इ. स. पूर्व १२७ पर्यंत येतात. त्यानंतर थोड्याच वर्षांत, इ. स. पूर्व १२० च्या सुमारास, तो वारला असे मानतात. त्याच्या चरित्रात लढाया नाहीत, राजदरबार नाहीत. त्याचे चरित्र म्हणजे त्याने केलेल्या मोजमापांचीच कथा.

त्याच्या आधीच्या ग्रीक विद्वानांनी विश्वाची मोठी सुंदर चित्रे रंगविली होती. युडॉक्ससने एकात एक बसविलेल्या फिरत्या गोलांनी सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गती समजावून सांगितल्या. सामॉसच्या ॲरिस्टार्कसने तर सूर्य मध्ये आणि पृथ्वी त्याच्याभोवती, असे धाडसी मत मांडले. एरॅटोस्थेनीसने सावल्या मोजून पृथ्वीचा परीघ काढला. दुसरीकडे बाबिलोनच्या लोकांनी इ. स. पूर्व आठव्या शतकापासून ग्रहणांच्या नोंदी मातीच्या विटांवर जपून ठेवल्या होत्या. थोडक्यात, ग्रीकांकडे कल्पना होत्या आणि बाबिलोनकडे दप्तर होते. हिपार्कसने या दोहोंची गाठ घातली. कल्पना कितीही मोहक असो, ती आकड्यांशी जुळली पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्यासाठी त्याने वर्तुळाचे ३६० अंश पाडून हिशेब करण्याची बाबिलोनी पद्धत उचलली आणि वर्तुळातील जीवांचे कोष्टक तयार केले. आपण शाळेत ज्या त्रिकोणमितीला वैतागतो, तिचा पाया या कोष्टकाने घातला.

आता त्याचे काही हिशेब पाहू.

पहिला ऋतूंचा. सूर्य जर वर्तुळात सारख्या वेगाने फिरतो, तर वर्षाचे चार भाग सारखे असावयास हवेत. पण वसंतसंपातापासून उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसापर्यंत त्याने ९४॥ दिवस मोजले, आणि तेथून शरदसंपातापर्यंत ९२॥ दिवस. उरलेले अर्धे वर्ष याहून लहान. (ज्या दोन दिवशी दिवस आणि रात्र सारखी असतात, त्या वेळी सूर्य ज्या बिंदूंवर असतो ते संपात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.) यावरून त्याने म्हटले, की पृथ्वी सूर्याच्या वर्तुळाच्या नेमक्या मध्यावर नाही, ती मध्यापासून त्रिज्येच्या एक चोविसांश भाग बाजूला आहे. पृथ्वी स्थिर असून सूर्य फिरतो, ही समजूत त्याने सोडली नाही, हे खरे. परंतु पृथ्वी अगदी केंद्रस्थानी असलीच पाहिजे असा हट्टही त्याने धरला नाही. नोंदींनी तिला जेथे ढकलले तेथे ती त्याने ठेवली.

दुसरा हिशेब वर्षाचा. वर्ष म्हणजे ३६५ दिवस आणि एक चतुर्थांश, असा आकडा तेव्हा रूढ होता. हिपार्कसने इ. स. पूर्व १३५ मधील सर्वांत मोठ्या दिवसाची वेळ नोंदविली आणि ती ॲरिस्टार्कसच्या इ. स. पूर्व २८० मधील नोंदीशी ताडून पाहिली. मधे १४५ वर्षे गेली होती. रूढ आकड्याप्रमाणे जी वेळ यावयास हवी होती, तिच्यापेक्षा अर्धा दिवस अगोदरच सूर्य तेथे पोचला होता. १४५ वर्षांत अर्धा दिवस! यावरून वर्ष हे ३६५। दिवसांपेक्षा सुमारे एक तीनशेअंश दिवसाने लहान आहे, असे त्याने ठरविले. आजच्या मापाशी तुलना केली तर त्याचे वर्ष सुमारे साडेसहा मिनिटांनी मोठे भरते. घड्याळ नाही, दुर्बीण नाही, अशा काळातील ही गोष्ट आहे. आणखी एक विशेष असे, की अशा निरीक्षणांत आपली स्वतःची आणि आर्किमिडीजसारख्याची देखील पाव दिवसापर्यंत चूक होऊ शकते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले होते. आकड्याबरोबर त्या आकड्याचा भरवसा किती, हे सांगण्याची ही पद्धत आजही प्रत्येक प्रयोगशाळेत पाळतात.

तिसरा हिशेब चंद्राचा. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंतचा काळ २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे आणि ३ सेकंदांच्या आसपास, हा बाबिलोनी आकडा त्याने जुन्या आणि नव्या ग्रहणांवरून पारखून घेतला. १,२६,००७ दिवस आणि एक तास एवढ्या काळात ४,२६७ चांद्रमास भरतात, असा त्याचा मेळ होता. हा काळ सुमारे ३४५ वर्षांचा होतो. आजच्या मापाशी या मासाचा फरक एका सेकंदाहूनही कमी आहे.

चंद्र किती दूर आहे, हेही त्याने काढले. डोळ्यासमोर बोट धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. बोट जितके जवळ, तितके ते अधिक सरकते. एका सूर्यग्रहणात हेलेस्पाँटच्या, म्हणजे आजच्या दार्दानेल्सच्या, परिसरात सूर्य पूर्ण झाकला गेला होता. पण त्याच वेळी दक्षिणेस अलेक्झांड्रियात त्याचा फक्त चार पंचमांश भाग झाकला गेला. येथे बोट म्हणजे चंद्र, आणि दोन डोळे म्हणजे ही दोन ठिकाणे. या एक पंचमांश फरकावरून त्याने चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या ७१ ते ८३ पट काढले. पुढे दुसऱ्या रीतीने त्याने तेच अंतर सरासरी सुमारे ६७ पट ठरविले. खरे सरासरी अंतर सुमारे ६० पट आहे. जमिनीवर पाय रोवून, केवळ सावलीच्या आधारे, माणूस चंद्रापर्यंत पोचला तो असा.

परंतु त्याचे नाव अमर झाले ते चित्रा नक्षत्रामुळे. होय, आपल्या पंचांगातील सत्तावीस नक्षत्रांतील हीच ती चित्रा. पाश्चात्य लोक तिला स्पायका म्हणतात. हिपार्कसच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी अलेक्झांड्रियात टिमोकॅरिस नावाच्या निरीक्षकाने चित्रेची जागा नोंदविली होती. तेव्हा ती शरदसंपाताच्या ८ अंश अलीकडे होती. हिपार्कसने पुन्हा मोजले. त्यासाठी त्याने चंद्रग्रहणाचा मोठा चतुर उपयोग केला. चंद्रग्रहणात चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. तारखेवरून सूर्याची जागा कळते, सूर्यावरून चंद्राची कळते, आणि चंद्रापासून चित्रा किती दूर हे मोजले की चित्रेची जागा कळते. उत्तर आले ६ अंश. आठाचे सहा झाले होते.

दोन अंश म्हणजे किती? हात सरळ लांब करून करंगळी धरली तर ती आकाशाचा साधारण एक अंश झाकते. म्हणजे फरक दोन करंगळ्यांचा. टिमोकॅरिसची साधने जुनी होती, त्याची नजर चुकली असेल, असे म्हणून हा फरक सहज निकालात काढता आला असता. हिपार्कसने तसे केले नाही. त्याने विचारले, की चुकले कोण? टिमोकॅरिस, मी, की आकाश? इतर तारे पाहता तेही तसेच सरकलेले दिसू लागले. अखेर त्याने निष्कर्ष काढला, की ज्या खुणेपासून आपण मोजतो ती खूणच, म्हणजे संपातबिंदूच, ताऱ्यांच्या संदर्भात हळूहळू मागे सरकत आहे. यालाच आपण संपातचलन म्हणतो. ही गती शंभर वर्षांत एका अंशाहून कमी नाही, असे त्याने सांगितले. खरी गती सुमारे ७२ वर्षांत एक अंश आहे; पूर्ण फेरा सुमारे २६,००० वर्षांचा. एका माणसाच्या आयुष्यात जेमतेम एक करंगळी सरकणारी ही गोष्ट एकट्याने आयुष्यभर पाहूनही ध्यानात येणारी नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी माणसाने नीट लिहून ठेवले होते, म्हणूनच ती सापडली.

असे का घडते, याचे उत्तर न्यूटनने १६८७ मध्ये दिले. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगीर आहे. सूर्य आणि चंद्र त्या फुगवट्याला ओढतात, आणि त्यामुळे पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो. आस डोलला की ध्रुवही बदलतो. आपण लहानपणापासून अढळपदाची कथा ऐकत आलो. पण आकाशातील ते पद अढळ असले तरी त्यावर बसणारा बदलत असतो. आजचा ध्रुवतारा हिपार्कसच्या काळी खऱ्या ध्रुवापासून सुमारे १२ अंश दूर होता. ध्रुवस्थानी एक तारा आहे असे युडॉक्ससने लिहिले होते. तेथे तारा मुळीच नाही, ती जागा रिकामी आहे, असे हिपार्कसने त्याला स्पष्ट खोडून काढले. आणखी सुमारे बारा हजार वर्षांनी त्या पदाच्या जवळ अभिजित असेल.

या शोधाचा आपल्या घरातील पंचांगाशीही निकटचा संबंध आहे. सूर्याचे उत्तरायण खरोखर सुरू होते ते २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतो तो १४ किंवा १५ जानेवारीला. मधल्या तीनसाडेतीन आठवड्यांचे कारण हेच संपातचलन. आपली मकरसंक्रांत ताऱ्यांवरून ठरते, आणि संपात ताऱ्यांतून मागे सरकत गेला. हिपार्कसच्या वेळी शरदसंपाताच्या ६ अंश अलीकडे असलेली चित्रा इ. स. २८५ च्या सुमारास नेमकी संपातावर आली, आणि आज ती सुमारे २४ अंश पुढे गेली आहे. हे अंतर कोणत्या ताऱ्यापासून मोजावे यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. लोकमान्य टिळक रेवतीच्या पक्षाचे, तर आपल्या बागलकोटात राहून ज्योतिर्गणिताचे प्रचंड काम करणारे व्यंकटेश बापूजी केतकर चित्रेच्या पक्षाचे. पुढे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चित्रेचाच आधार घेतला, आणि १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार चालते. लोकमान्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविला तोही याच संपातचलनाच्या आधारे.

आपला शोध पुढच्यांनी तपासून पाहावा, याची हिपार्कसने तजवीज करून ठेवली होती. त्याने ताऱ्यांची सूची केली. आकाशात एक नवा तारा दिसला आणि त्यावरून त्याला ही सूची करण्याची प्रेरणा झाली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. जुनी यादीच नसेल, तर नवा तारा आला की एखादा नाहीसा झाला, हे कळावे कसे? शिवाय कोणते तीन तारे एका सरळ रेषेत दिसतात, अशा कित्येक नोंदी त्याने करून ठेवल्या. पुढे कोणी दोरी ताणून पाहिले आणि रेषा मोडलेली आढळली, तर तारे स्वतः हलतात हे सिद्ध होणार होते. लेखापरीक्षकासाठी व्हाउचरांची फाईल लावून ठेवावी, तसाच हा प्रकार. ते परीक्षण झाले १७१८ मध्ये. एडमंड हॅलीने प्राचीन ग्रीकांच्या नोंदी आपल्या काळच्या जागांशी ताडल्या, आणि व्याध, स्वाती यांसारखे तारे खरोखरच आपल्या जागेवरून हलले आहेत, हे जगाला दाखवून दिले. ज्या प्रश्नासाठी फाईल लावली, त्याचे उत्तर सुमारे साडेअठराशे वर्षांनी मिळाले.

ग्रहांच्या बाबतीत हिपार्कसचे वागणे तर विशेषच शिकण्यासारखे आहे. मंगळ, गुरू, शनी यांच्या उलटसुलट चालींचा मेळ त्याला बसविता आला नाही. त्याने ओढूनताणून ताळेबंद जुळविला नाही. प्रचलित कल्पना नोंदींशी जुळत नाहीत एवढे दाखवून, निरीक्षणे नीट लावून त्याने पुढच्या माणसाच्या हवाली केली. तो पुढचा माणूस टॉलेमी. पावणेतीनशे वर्षांनी, इ. स. १५० च्या सुमारास, त्याने आपला महाग्रंथ लिहिला तो पुष्कळसा हिपार्कसच्या पायावर. हिपार्कसविषयी आपणास जे ठाऊक आहे ते बहुतांशी टॉलेमीमुळेच. मात्र येथेच एक गंमत झाली. हिपार्कसने शंभर वर्षांत एका अंशाहून कमी नाही, असे म्हटले होते. टॉलेमीने शंभर वर्षांत एक अंश, असा नेमका आकडाच धरला. मूळ माणसाची सावधगिरी गळून पडली, आणि त्या चुकीच्या आकड्याने कित्येक शतके ठाण मांडले. अल्-बत्तानी या अरब ज्योतिर्विदाने पुढे ६६ वर्षांत एक अंश असे माप काढले, तेव्हा कुठे गाडी रुळावर येऊ लागली.

टॉलेमीचा ग्रंथ हाती आल्यावर हिपार्कसच्या ग्रंथांच्या नकला कोण करणार? ते एकामागून एक नाहीसे झाले. युडॉक्सस आणि कवी अराटस यांच्या आकाशवर्णनातील चुका दाखविणारे एक टीकापुस्तक तेवढे उरले. ताऱ्यांची सूची मात्र गेली ती गेलीच, असे सर्वांनी धरले होते.

आणि मग ती थोडीशी सापडली. सिनाईच्या सेंट कॅथरिन मठात एक जुनी चर्मपत्रांची पोथी होती. चर्मपत्र महाग; त्यामुळे जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत. या पोथीवर वरचा मजकूर सिरियाक भाषेतील धर्मग्रंथाचा आहे. २०१२ मध्ये केंब्रिजच्या पीटर विल्यम्स या अभ्यासकाने आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीतील काम म्हणून त्या पानांचा अभ्यास करण्यास दिला, आणि त्यांतील एका विद्यार्थ्याला खरवडलेल्या अक्षरांत ज्योतिषविषयक मजकूर ओळखू आला. पुढे निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशात प्रत्येक पानाची ४२ छायाचित्रे घेण्यात आली. २०२२ मध्ये विल्यम्स आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी जाहीर केले, की उत्तर मुकुट या तारकासमूहाची मापे तेथे आहेत आणि ती हिपार्कसच्या सूचीतील असावीत. मापे एका अंशाच्या आत बरोबर. ती केव्हाची हे ठरविले कशावरून? संपातचलनावरून! त्या ताऱ्यांच्या अशा जागा इ. स. पूर्व १२९ च्या सुमारासच असू शकतात. ज्या फरकाचा त्याने शोध लावला, त्याच फरकाने त्याच्या हरवलेल्या पानांवर तारीख घातली.

युरोपच्या अवकाश संस्थेने १९८९ मध्ये ताऱ्यांच्या जागा मोजण्यासाठी एक उपग्रह सोडला, आणि त्याचे नाव हिपार्कसच्या नावाशी जुळेल असे ठेवले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सूचीत सुमारे १,१८,००० तारे आहेत. खतावणी अजून चालूच आहे, एवढाच याचा अर्थ.

मे महिन्यात रात्री नवाच्या सुमारास गच्चीवर जावे. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की तांबूस स्वाती लागते, आणि आणखी पुढे दक्षिणेकडे पांढरी शुभ्र चित्रा. टिमोकॅरिसने लिहून ठेवले ते आठ, हिपार्कसला आढळले ते सहा. आपण दोन बेरजा जुळत नाहीत म्हणून वैतागतो, तेव्हा तिच्याकडे एकवार पाहावे. फरक आहे तो आहे. तो नीट लिहून ठेवावा, आणि त्याचे कारण शोधत राहावे.